आधी इतिहास, मग घोट

मराठी मध्यमवर्गीय माणसाला दारू चढत नाही. दारूची माहिती चढते. नुसता पेला पुढे केला तर तो दचकून मागे सरकतो, 'छे छे, मी घेत नाही' म्हणतो आणि आजूबाजूला ओळखीचं कोणी आहे का ते आधी पाहून घेतो. त्याच पेल्यासोबत 'ही पारंपरिक पद्धत आहे बरं का, तांब्याच्या भांड्यात काढतात' एवढं एक वाक्य आलं की तो खुर्ची पुढे ओढतो. आता तो पीत नसतो. अभ्यास करत असतो.

ही सवय आपल्याला कायद्यानेच लावली आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून हयात आहे आणि त्यानुसार घोटभर प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. पिण्याचं कारण मात्र आपल्याला सुचावं लागत नाही, ते परवान्यातच दिलेलं असतं. आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे शनिवारी रात्री आमच्या सीताबर्डीच्या परमिट रूममध्ये जी गर्दी दिसते, ती कायद्याच्या नजरेतून बाह्यरुग्ण विभागाची गर्दी आहे. शिवाय नागपूरकरांना शेजारही असा मिळालाय की मोकळेपणाने पिण्याची सोय नाही. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने कित्येक दशकं कोरडा, गडचिरोली १९९३ पासून कोरडा, आणि चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडं होऊन २०२१ मध्ये पुन्हा ओलं झालेलं. इतकी सोवळी माणसं आजूबाजूला राहत असताना आपण निदान अपराधी चेहरा करून तरी प्यावं, एवढा शेजारधर्म आम्ही पाळतो.

तर गोव्याला जायचं ठरलं आणि फेणीची भट्टी पाहायची टूम मी काढली. 'पाहायची' हा शब्द मी जपून वापरला होता. त्यावर पहिली हरकत आमच्या साडभाऊंनी घेतली. साडभाऊंची काटोलला संत्र्याची बाग आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक फळाबद्दल त्यांचं मत तयार असतं आणि ते वाईट असतं.

"भट्टीच पाहाची असेन तर गोव्याले कायले जाता भाऊ? भंडाऱ्याच्या जंगलात मोहाची भट्टी दाखवतो ना, फुकटात."

"तिथे गाईड नसतो," आमची सौ. म्हणाली.

"गाईड नाई, पण पोलीस येतेत ना माहिती घ्याले."

साडभाऊंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मडकं तेच, नळी तीच, लाकडाचा धूरही तोच. पण गोव्यात त्या मडक्यापुढे उभं राहून फोटो काढायला तिकीट लागतं आणि आमच्या जंगलात त्याच्यापुढे उभा असलेला माणूस पंचनाम्यात येतो. मोहाला बिचाऱ्याला वशिला नाही. फेणीला आहे. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा मान दिला, आणि २०२१ मध्ये तर कांदोळीला दारूचं संग्रहालयसुद्धा उघडलं. नागपुरी संत्र्याला मानांकन मिळालं ते २०१४ मध्ये. म्हणजे सरकारी ज्येष्ठता यादीत फेणी आमच्या संत्र्याला पाच वर्षांनी सीनियर! ज्येष्ठांना त्यांच्या घरी जाऊन भेटण्यात गैर काय, असा मुद्दा मी मांडला आणि तो बहुमताने मंजूर झाला. सोबत येणाऱ्या आमच्या आत्याला फक्त 'काजूचा कारखाना' एवढंच सांगण्यात आलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि आत्याने लगेच अर्धा किलो तुकडा काजूची ऑर्डर दिली.

नागपूर ते मडगाव या रेल्वेप्रवासाबद्दल मी काही लिहीत नाही. दिवसभराहून मोठा तो प्रवास आणि त्या प्रवासात आम्ही खाल्लेला चिवडा, दोन्ही विसरण्याच्या लायकीचे होते.

सकाळी मंगेशीचं दर्शन घेऊन आम्ही सत्तरीच्या डोंगरातल्या त्या भट्टीवर पोचलो तेव्हा एप्रिलचं ऊन चढलं होतं. ऊन हा विषय निघाला की नागपूरकराच्या अंगात येतं. "याले ऊन म्हणतेत?" साडभाऊ गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "आमच्याकडे चव्वेचाळीसमध्ये वराती निघतेत." पाचव्या मिनिटाला त्यांचा सदरा पाठीला चिकटला, दहाव्या मिनिटाला त्यांनी टोपीने वारा घ्यायला सुरुवात केली आणि मग तिथल्या माणसाला बाजूला घेऊन त्यांनी गंभीरपणे सुचवलं, "तुम्ही एक कूलर काहून लावत नाई?" इथल्या हवेतच एवढं पाणी आहे की कूलरच्या ताट्यांतलं पाणी सुकतच नाही, मग तो गार काय करणार, हे त्या माणसाने समजावून सांगितलं. साडभाऊंना ते पटलं नाही. ज्या प्रदेशात कूलर चालत नाही तिथे मनुष्यवस्ती कशी झाली, हा त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला.

हाच माणूस आमचा गाईड होता. साठीचा, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा. उमेदीची वर्षं तारवटी म्हणून बोटीवर काढलेली. आता हंगामात पाहुण्यांना भट्टी दाखवतो. आम्ही नागपूरचे म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "मग संत्रां खंय?" आमच्याकडे संत्री नव्हती, संत्रा बर्फी होती. एप्रिलमध्ये चांगलं संत्रं कुठून आणणार? पण नागपूरकराने हात हलवत जावं हे जगाला मान्य नसतं. बर्फीचा डबा त्याच्या हातात ठेवून आम्ही आत शिरलो.

आत शिरल्या शिरल्या मला ते दिसलं. कोपऱ्यातल्या मेजावर एक तबक, त्यावर जाळी आणि जाळीखाली ओळीने मांडलेले इवलेसे पेले. ते मला दिसलं, सौ.ला दिसलं, साडभाऊंना दिसलं, आणि आपल्याला काहीही दिसलेलं नाही असे चेहरे आम्ही तिघांनी एकाच वेळी केले. "बोला," मी गाईडला म्हणालो, "आम्हाला सगळा इतिहास ऐकायचाय. सुरुवातीपासून."

तो माणूस शब्दाचा पक्का निघाला. सुरुवात त्याने ब्राझीलपासून केली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तिथून काजू आणला. मग डोंगर आले, माती आली, मुळं आली. मी मान डोलवत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तबकाकडे पाहत होतो. काजूचं बोंड झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप खाली पडतं तेच वेचतात, हे सांगून तो तबकाच्या दिशेने दोन पावलं गेला. आम्ही चार गेलो. तिथून तो वळला आणि आम्हाला बाहेर, बोंडांच्या ढिगाकडे घेऊन गेला. ढिगावर माश्या होत्या आणि असा वास होता की एकदा नाकात शिरला की मालकाला भाडं न देता तिथेच राहील. बोंड पिळून बी वेगळी कशी करतात ते त्याने दाखवलं. साडभाऊंनी एक बोंड चावून पाहिलं. त्या बोंडाने त्यांची जीभ, टाळू आणि घसा असा काही आवळला की पुढची काही मिनिटं त्यांच्याकडून एकही प्रश्न आला नाही. काजूच्या झाडाबद्दल माझ्या मनात खरा आदर निर्माण झाला तो त्या वेळी.

मग आली कोळंबी. घाबरू नका, मासा नव्हे. दगडात केलेली उथळ, उतरती जागा असते, तीत बोंडं टाकून पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रं आली आहेत, पण पाहुण्यांसाठी इथे जुनी पद्धत चालू होती. "कोणाला पाय घालून बघायचे?" गाईडने विचारलं. आम्ही पुरुष मंडळी एकदम आकाशाकडे पाहू लागलो. आमची मेहुणी, म्हणजे साडभाऊंची मंडळी, मात्र पायजम्याच्या दुमडी वर घेऊन उतरली आणि असं मनापासून तुडवलं की इतक्या वर्षांच्या संसारात जे काही साठलं असेल ते सगळं त्या लगद्यात गेलं. बाहेर आली तेव्हा तिच्या पायातलं एक जोडवं गायब होतं.

तिथून पुढे भट्टीचा दौरा थांबला आणि शोधमोहीम सुरू झाली. सौ. लगद्यात, मेहुणी लगद्यात, भट्टीवरच्या दोन बायका लगद्यात. आत्या काठावर उभी राहून सूचना करतेय, "अगं, नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, नीट बघा!" आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो गृहस्थ माझ्या कानाशी लागून विचारत होता, "भाऊ, चाखाचं कधी म्हणते तो?" अखेर रस गाळायच्या चाळणीत जोडवं सापडलं. मेहुणीने ते धुऊन पुन्हा घातलं आणि नवऱ्याकडे अशी नजर टाकली की आयुष्य वाढलं की कमी झालं याचा त्यांना नीट अंदाज येईना.

पुढचा मुक्काम प्रत्यक्ष भट्टीपाशी. दौऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक कंपूत एक प्रश्न विचारणारा माणूस असतो. बाकीचे त्याला मनातून शाप देत असतात आणि गाईड मात्र त्याच्यावर खूश असतो. बोंडाचा अंमल उतरल्यावर आमच्यातला हा माणूस जागा झाला. रस किती दिवस आंबवता? साधारण तीन. लाकूड कोणतं? भांडं तांब्याचंच का? कल्हई करता की नाही? एकेका प्रश्नागणिक तबक माझ्यापासून दूर जात होतं. आंबलेला रस भाणात, म्हणजे त्या तांब्याच्या भांड्यात, उकळतो, वाफ नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते आणि गार होते. पहिल्या धारेचा हुर्राक. तो हलका, हंगामापुरता, टिकत नाही म्हणून उन्हाळ्यातच लिंबू-सोडा आणि चिरलेली हिरवी मिरची घालून संपवायचा. हाच हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भाणात चढवला की फेणी उतरते, चाळीस टक्क्यांच्याही वर चढलेली. उतरली की नाही हे जाणता माणूस ओतताना उठणाऱ्या बुडबुड्यांवरून ओळखतो. गाईडने एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरली आणि आम्हाला बुडबुडे दाखवले. मी चष्मा पुसून पाहिले. "वा," मी म्हणालो. मला काही कळलं नव्हतं, पण अशा ठिकाणी 'वा' न म्हणणाऱ्या माणसाला पेला मिळत नसावा अशी मला भीती होती.

या गडबडीत आत्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. भट्टीवरच्या बाईने तिला बसायला स्टूल दिलं होतं आणि हातात गार पेला. तो होता नीरो, म्हणजे लगद्यावर वजन ठेवलं की आपसूक झिरपणारा स्वच्छ रस. सकाळी ताजा असेपर्यंत तो निव्वळ सरबत. पण ऊन चढलं की आंबायला लागतो. मी घड्याळात पाहिलं. सूर्य बरोबर डोक्यावर होता.

"आत्या, किती घेतलास?"

"मोजतंय कोण? फळाचा रस आहे, उपासाला चालतो म्हणाली ती." आत्याने पेला उलटा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. "किती गुणी बाई आहे. आपल्या नातवासाठी बघितली पाहिजे."

त्या बाईला स्वतःचे नातू होते. पण आत्याचा चेहरा इतका प्रसन्न होता की कोणी काही बोललं नाही.

आणि मग एकदाचं ते तबक आलं. जाळी निघाली. गाईड पेले भरता भरता सहज म्हणाला, "आमच्याकडे घरोघरी बाटली असते. सर्दी, पडसं, पोटदुखी, आजीच्या हातचं औषध."

हे वाक्य त्याने दौऱ्याच्या सुरुवातीला उच्चारलं असतं तर आमचा बराच वेळ वाचला असता. साडभाऊंना तत्काळ आठवलं की पहाटेपासून त्यांचं पोट गुडगुडतंय. सौ.च्या नाकात रेल्वेच्या एसीपासून काहीतरी अडकलं होतं. मेहुणीचे पाय त्या दगडात गारठले होते, एप्रिलच्या उन्हात! मला स्वतःला गेली कित्येक वर्षं कफाची प्रवृत्ती आहे, फक्त ती बोलून दाखवायला योग्य डॉक्टर मिळाला नव्हता. आत्याने डावा हात उजव्या हाताखाली धरून, तीर्थ घेताना पसरते तसा उजवा तळवा पसरला. "घाल थोडं. गुडघ्याला चोळते." ते गुडघ्यापर्यंत पोचलं नाही.

फेणी कशी लागते हे मी सांगणार नाही. सांगता येत नाही हे एक कारण, आणि त्या वेळी मी सांगत बसलो होतो हे दुसरं. पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत मी भट्टी, ब्राझील, बुडबुडे हे सगळं शेजारच्या पुण्याच्या जोडप्याला समजावून देत होतो. ते जोडपं आमच्याच दौऱ्यात होतं, त्यांनीही तेच ऐकलं होतं. पण 'आम्ही पीत नसून समजून घेत आहोत' हे अनोळखी माणसाला पटवणं माझं मला आवश्यक वाटत होतं. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण तो गृहस्थ मला तेच सगळं उलट समजावून देत होता. नंतर फोटो काढले. फोटोत भट्टी आली, तांब्याचं भाण आलं, कौलं आली, आम्ही आलो. पेले मात्र सगळ्यांनी पाठीमागे धरले होते.

संत्रा बर्फीचा डबा तिथेच उघडला. फेणीबरोबर बर्फी खाणारी माणसं गाईडने बोटीवरच्या सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. बर्फी चघळत तो म्हणाला, "तुमी संत्र्याची दारू का काढत नाही? एक बेट आहे, कुरासाव. तिथे काढतात."

'संत्र्याची दारू' म्हटल्यावर आम्ही नागपूरकर जरा चपापलो. महाराष्ट्रात देशीच्या दुकानात जाऊन 'संत्रा' मागितला तर कोणी फळ हातात देत नाही. त्या बाटलीत काटोलच्या बागेचा काही संबंध नसतो, सगळी एसेन्सची करामत. पण बदनामी मात्र आमच्या फळाची होते. गाईड सांगत होता ते निराळं होतं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, डच लोकांचं बेट. त्याची बोट विलेमस्टाडला लागायची तेव्हा तो उतरून चोबोलोबो नावाची जुनी हवेली बघून आला होता. तिथेही असाच दौरा, असंच तबक, असेच 'वा' म्हणणारे लोक. १८९६ पासूनची कंपनी.

"संत्रं कोणतं?" साडभाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. जणू कोणी त्यांच्या घरातलं काढलं होतं.

गाईडने सांगितलं. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात व्हॅलेन्सियाची गोड संत्री नेऊन तिथे लावली. माती रूक्ष, पाऊस नाही. फळ एवढुसं, हिरवं आणि इतकं कडू झालं की बकऱ्याही तोंड लावेनात असं सांगतात. लोकांनी बागा सोडून दिल्या, झाडं रानटी झाली. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की फळ कडू असलं तरी साल उन्हात वाळवली की तिचं तेल घमघमतं. ती वाळलेली साल पोत्यात बांधून तांब्याच्या भांड्यात सोडतात आणि मद्य करतात. जगभर जातं. निळ्या रंगाचं.

"संत्र्याची दारू निळी?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

"रंग टाकतात. चव तीच, रंग तेवढा वेगळा."

साडभाऊ मिनिटभर काही बोलले नाहीत. भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आलेलं संत्रं म्हणतात, ते त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या गोड ठेवलं. विहिरी खोदल्या, बोअर मारले, ठिबक टाकलं. डिंक्या आला, कोळशी आली, फळगळ झाली, गारपीट झाली. दर वर्षी व्यापारी येऊन बाग पाहतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडून मागतो. तिकडे त्या लोकांनी पाणी दिलं नाही, खत दिलं नाही, बाग टाकून निघून गेले, फळ कडू केलं आणि त्याच्या नावाने हवेली उभी राहिली! सालीचं म्हणाल तर त्यांनी तिचं तेल बाटलीत भरलं, आम्ही लहानपणी ते भावंडांच्या डोळ्यात पिळलं. उरलेली साल वाळवून आंघोळीच्या उटण्यात घातली.

"म्हंजे आपण इतके वर्षं उगाच पाणी देऊन राहिलो?" साडभाऊ म्हणाले.

"अहो, पण ते फळच वेगळं झालं आता. जात बदलली," मी समजावू लागलो. दुसऱ्या पेल्यानंतर मला वनस्पतिशास्त्रही येऊ लागलं होतं.

"जात नाई बदलली भाऊ. मालकाचं लक्ष नव्हतं, म्हणून फळाचं नशीब फळफळलं." त्यांनी पेला रिकामा केला, खिशातून फोन काढला आणि भाणाच्या धुरात उभे राहून बागेतल्या सालदाराला लावला. स्पीकर चालू होता.

"ऐक. खालच्या धुऱ्याकडची चार झाडं हायेत ना, त्याईचं पाणी बंद कर आजपासून."

"मृगाच्या बहारासाठी ताण द्याचा काय भाऊ? लवकर होते थोडं."

"ताण नाई. कायमचंच बंद. खत नाई, फवारा नाई, काईच नाई. तिकडे पाहाचं बी नाई."

पलीकडे थोडा वेळ नुसती मोटारीची घरघर ऐकू आली.

"वाळतीन ना भाऊ."

"वाळत नाई, कडू होतेत! कडू कराचे हायेत आपल्याले. बकरी सोडून पाहा. तिनं तोंड लावलं नाई की मले फोन कर."

"हौ," सालदार म्हणाला. मग आवाज खाली आणून, घरच्या माणसाच्या मायेने त्याने विचारलं, "भाऊ, ताई हायेत काय सोबत? त्याईले द्या बरं फोन."